ब्रुनो वाल्टर
ब्रुनो वाल्टर (१५ सप्टेंबर १८७६, बर्लिन – १७ फेब्रुवारी १९६२, बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया) हे जर्मनीत जन्मलेले वाद्यवृंदसंचालक होते. संगीतकार गुस्टाफ मालर यांच्या रचनांची त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे अभिजात मानली जातात.

जीवन
वाल्टर यांचा जन्म ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव श्लेसिंगर. १८९४ मध्ये हॅम्बुर्ग येथील ऑपेरागृहात त्यांना मालर यांचा सहवास लाभला. १९०१ मध्ये मालर यांनी त्यांना सहायक म्हणून व्हिएन्नाला बोलावले. १९११ मध्ये मालर निवर्तले, तेव्हा त्यांच्या दोन थोर रचना अद्याप वाजवल्या गेल्या नव्हत्या. ‘पृथ्वीचे गीत’ ही गीतरचना त्याच वर्षी म्युनिकमध्ये, तर नववी सिम्फनी १९१२ मध्ये व्हिएन्नात वाल्टर यांच्याच संचालनाखाली प्रथम सादर झाली.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडून ऑस्ट्रियाचा आश्रय घ्यावा लागला.

ध्वनिमुद्रणे
१६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या मैफलीत नवव्या सिम्फनीचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू चारएक मिनिटांत संपत असल्याने ही सिम्फनी वीस बाजूंवर विभागावी लागली. मैफलीत व्हायोलिनवादकांच्या अग्रस्थानी मालर यांचे मेहुणे आर्नोल्ड रोझे होते. अवघ्या दोन महिन्यांत जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू वादकांना वाद्यवृंदातून काढण्यात आले. रोझे लंडनला गेले, काही जण छळछावण्यांत मृत्युमुखी पडले. वाल्टर त्या वेळी परदेशात असल्याने बचावले. त्यामुळे ही ध्वनिमुद्रिका एका लोपलेल्या वाद्यवृंदाची अखेरची साक्ष ठरली.

१९३९ मध्ये वाल्टर अमेरिकेत स्थायिक झाले. १९५२ मध्ये व्हिएन्नात कॅथलीन फेरियर व युलियुस पात्झाक या गायकांसह त्यांनी ‘पृथ्वीचे गीत’ ध्वनिमुद्रित केले. फेरियर तेव्हा कर्करोगाने ग्रस्त होत्या. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले.

१९५७ मधील हृदयविकाराच्या झटक्यानंतर वाल्टर यांनी कोलंबिया कंपनीसाठी कॅलिफोर्नियात स्टिरिओ ध्वनिमुद्रणे केली. त्यांत १९६१ मधील नवव्या सिम्फनीचा समावेश आहे. १९३८ च्या तुलनेत तिची गती संथ व भाव अधिक शांत आहे. तिसऱ्या, सहाव्या, सातव्या व आठव्या सिम्फनीची व्यावसायिक ध्वनिमुद्रणे त्यांनी केली नाहीत.