उडी घोड्याची, मांड काप्रिलीची

माथेरानला किंवा महाबळेश्वरला गेल्यावर तुम्ही कधी ना कधी घोड्यावर बसला असालच. घोडेवाला लगाम धरून पुढे चालतोय, तुम्ही वर जीव मुठीत धरून बसलाय आणि तेवढ्यात उतार लागतो. अशा वेळी तुम्ही काय करता? मागे रेलता. कुणी शिकवावं लागत नाही, अंग आपोआपच मागे जातं आणि हातात लगाम असेल तर तोही खेचला जातो.

आता असं समजा, की घोडा भरधाव सुटलाय आणि समोर कमरेएवढी भिंत आहे. घोडा ती ओलांडणार आहे आणि वर तुम्ही आहात. तुमचं अंग तेव्हाही मागेच जाणार. गंमत बघा, एकोणिसावं शतक संपेपर्यंत युरोपातल्या घोडदळांच्या शाळांमध्ये नेमकं हेच रीतसर शिकवलं जायचं. रिकिबी लांब सोडा, पाय पुढे ताणा, घोडा उडाला की मागे झुका आणि लगाम ओढून त्याचं डोकं वर धरा. घाबरलेला नवखा माणूस जे करतो, तेच तिथे शास्त्र म्हणून चालत होतं.

हे सगळं उलटं करणाऱ्या माणसाचं नाव फेदेरिको काप्रिली. क्रिकेटवेड्या आपल्या देशात हे नाव कानावर पडत नाही, पण घोडेस्वारीच्या जगात काप्रिलीच्या आधी आणि काप्रिलीच्या नंतर असे सरळ दोन भाग पडतात. आणि हा माणूस जगला किती? जेमतेम ३९ वर्षं.

काप्रिलीचा जन्म ८ एप्रिल १८६८चा, इटलीतल्या लिव्होर्नो या बंदराच्या गावातला. शिक्षण पहिल्यापासून लष्करी शाळांमध्ये झालं, मग मोडेनाची लष्करी अकादमी आणि १८८८मध्ये घोडदळात अधिकारी. म्हणजे तुमच्यातले बरेच जण ग्रॅज्युएशनच्या शेवटच्या वर्षाला असतात, साधारण त्या वयात. पुढचं शिक्षण पिनेरोलोला. आल्प्सच्या पायथ्याशी, तोरिनोजवळचं हे छोटं गाव म्हणजे इटालियन घोडदळाची पंढरीच. तिथे चेझारे पादेर्नी नावाचे नावाजलेले शिक्षक होते. काप्रिली जुन्या पद्धतीत त्यांच्याच हाताखाली तयार झाला. हे महत्त्वाचं आहे. जुनी पद्धत जमली नाही म्हणून त्याने ती सोडली, असं अजिबात नव्हतं.

ती जुनी पद्धत अगदीच बिनडोक होती असंही समजू नका. त्यामागे एक विचार होता. घोड्याचे पुढचे पाय नाजूक असतात. उडीनंतर आधी मागचे पाय टेकले तर पुढच्यांवर भार येणार नाही, म्हणून स्वाराने आपलं वजन मागे न्यायचं. शिवाय लगामाने डोकं उचललं की घोड्याला वर उठायला मदत होते, असाही समज होता. कागदावर सगळं चोख वाटतं ना?

पण घोड्याच्या तोंडात काय चाललंय ते बघा. लगामाचं टोक म्हणजे तोंडातली लोखंडी कडी. ती दात नसलेल्या हिरडीच्या जागेवर, जिभेवर बसते. उडी मारताना घोड्याला मान लांब पुढे टाकायची असते, त्याचा सगळा तोल मानेवर असतो. नेमक्या त्याच क्षणी वरचा माणूस मागे पडतो आणि लगामाला हिसका बसतो. कडी तोंडात घुसते. वरून त्या माणसाचं सगळं वजन कमरेच्या मणक्यांवर दाणकन आदळतं. आता घोड्याच्या बाजूने हिशेब करा. दरवेळी उडी मारली की तोंड फाटतं आणि पाठ मोडते. मग पुढच्या वेळी अडथळा दिसला की तो काय करेल? एकतर चारही पाय रोवून उभा राहील, नाहीतर बाजूने सटकेल, नाहीतर डोकं वर फेकून उधळेल, एकदाचं हे संपवून टाकू म्हणून. अशा घोड्याला मग तापट, हट्टी, नाठाळ अशी विशेषणं चिकटायची. त्यावर उपाय म्हणजे आणखी कडक कडी, आणखी टाच, आणखी चाबूक. दुखणं वाढवून दुखण्याची भीती घालवायची!

काप्रिलीने या चक्राकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. पाठीवर कुणीच नसेल तेव्हा घोडा कशी उडी मारतो? मोकळे घोडे अडथळ्यांवरून जाताना त्याने बारकाईने पाहिले आणि उडीच्या फोटोंचा अभ्यास केला. तेव्हा कॅमेरा हे अगदी नवं हत्यार होतं. एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे क्षणाक्षणाचे फोटो काढले ते १८७८मध्ये. तोवर दौडणाऱ्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात यावरही लोक वाद घालत होते. फोटोत स्पष्ट दिसत होतं, की उडीनंतर घोडा आधी पुढच्या पायांवरच उतरतो. नेहमीच. स्वाराने कितीही मागे रेलून घेतलं तरी त्यात बदल होत नाही. म्हणजे सगळ्या जुन्या मांडणीचा पायाच गेला.

मग काप्रिलीने सरळ प्रश्न फिरवला. घोड्याला उडी शिकवायची गरजच काय? ती त्याला येते. शिकायचंय ते स्वाराने, आणि काय, तर मध्ये न येणं.

त्याने रिकिबी आखूड केल्या. उडीच्या वेळी स्वार खोगिरावरून किंचित उचलला जातो, वजन गुडघ्यांवर, मांड्यांवर आणि टाचांवर येतं, अंग कमरेतून पुढे झुकतं. घोड्याचा तोल पुढे सरकतो तसा स्वारही सरकतो. हात घोड्याच्या तोंडामागे जातात, मान जेवढी लांब होईल तेवढा लगाम सैल मिळतो. कडक कडीऐवजी त्याने साधी, सौम्य कडी पसंत केली. मराठीत बसण्याच्या या कलेला मांड असा छान शब्द आहे. काप्रिलीने बदलली ती मांड. वाचायला पाच ओळी लागतात, पण करून बघा. भिंत अंगावर येत असताना पुढे झुकायचं आणि हात सोडायचे, म्हणजे अंगातली सगळी भीती ज्याला नाही म्हणते नेमकं तेच करायचं. म्हणून त्याच्या शिकवणीत माणसाला लागणारा वेळ घोड्याइतकाच होता.

ही शिकवणी कशी चालायची हे समजून घेण्यासारखं आहे. कारण तापट घोडा एका दिवसात उंच भिंतीवरून नेणं हे त्याला शौर्य वाटत नव्हतं. सुरुवात जमिनीवर आडव्या टाकलेल्या एका वाशाने. घोड्याला लांब लगामावर त्यावरून चालत न्यायचं. बस्स. तो शांतपणे ओलांडतोय असं दिसलं की दुडक्या चालीने. मग वासा थोडा वर. मग आणखी थोडा. उंची वाढवण्याची घाई नाही, पण अडथळ्यांचे प्रकार भरपूर, म्हणजे ओंडके, चर, बांध, चढ-उतार. कुठून उडायचं हे घोडा ठरवणार, स्वार नाही. छान झालं की मानेवर थोपटायचं आणि थांबायचं, अजून एकदा, अजून एकदा करत बसायचं नाही. अडला, बिथरला तर मारायचं नाही, पुन्हा खालच्या पायरीवर यायचं. आणि हे रोज. रोज थोडं थोडं केलं की उडी ही घोड्याच्या दृष्टीने साधी गोष्ट होऊन जाते, रस्त्यात आलेली, ओलांडायची आणि पुढे जायची. ज्याला आधी भडक म्हणत होते तो घोडा निम्म्याहून जास्त वेळा फक्त घाबरलेला निघतो. आज कुठल्याही रायडिंग स्कूलमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर मांडलेल्या दांड्यांची रांग दिसते. त्यांना आजही कॅव्हलेटी हे इटालियन नावच आहे. अर्थ, छोटे घोडे.

रोमजवळच्या तोर दी क्विंतोला मोकळ्या मैदानावरची घोडेस्वारी शिकवणारी शाळा १८९१मध्ये सुरू झाली होती. काप्रिलीच्या विचारांना ही जागा फारच सोयीची. छपराखालच्या रिंगणात गोल गोल फिरणं वेगळं आणि लढाईत शेत, ओढे, कुंपणं तुडवत जाणं वेगळं, हे त्याचं म्हणणंच होतं. शिवाय सैन्यात येणाऱ्या साध्या शिपायाला दरबारी घोडेस्वारीच्या नजाकती शिकवायला वर्षानुवर्षं कुठून आणणार? त्याला थोड्या वेळात शिकता येईल असं काहीतरी हवं होतं. तोर दी क्विंतोचा उभा उतार पुढे जगभर प्रसिद्ध झाला. तिथले जुने फोटो जरूर शोधा. जवळजवळ भिंतीसारख्या मातीच्या कड्यावरून घोडा घसरत खाली येतोय आणि वरचा स्वार चक्क पुढे झुकलेला आहे. पोटात गोळा येतो.

वरिष्ठांना हे सगळं पटलं का? लगेच कसं पटेल! ज्यांनी आयुष्यभर मागे रेलायला शिकवलं, त्यांना एका तरुण अधिकाऱ्याने सांगायचं की तुमचं उलटं आहे. मध्ये त्याची बदली दक्षिण इटलीत झाली. त्यामागे प्रेमप्रकरणांची कुजबुज होती असं त्याचे चरित्रकार सांगतात. गडी देखणा होता आणि त्याच्याबद्दल बोललंही खूप जायचं. कारण काही असो, त्याने तिथेही काम थांबवलं नाही. रेजिमेंटमधल्या साध्या घोड्यांवर, साध्या शिपायांवर तो आपली पद्धत ताडून पाहत राहिला. मला तर वाटतं, हीच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात कामाची वर्षं. निवडक घोडा आणि निवडक स्वार घेऊन कुठलीही पद्धत चमकवता येते.

लिहिण्याचा मात्र त्याला कंटाळा. १९०१मध्ये घोडदळाच्या एका नियतकालिकात मैदानी घोडेस्वारीवर त्याचं लेखन आलं. त्याखेरीज छापलेलं फारसं नाहीच. बाकी सगळं घोड्याच्या पाठीवर.

पण पुढच्याच वर्षी, १९०२मध्ये, तोरिनोला आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि तिथे मेलोपो नावाच्या घोड्यावरून काप्रिलीने २.०८ मीटर उंच उडी घेतली. म्हणजे सुमारे सहा फूट दहा इंच. तुमच्या खोलीच्या दाराची चौकट डोळ्यांसमोर आणा आणि तिच्या वरच्या पट्टीवरून घोडा माणसासकट जातोय असं समजा. परदेशी अधिकारी हे बघत होते. वर्षानुवर्षं वाद घालून जे झालं नसतं, ते त्या दिवशी झालं. काही काळाने त्याला इन्स्ट्रक्टर म्हणून पिनेरोलोला परत बोलावलं गेलं आणि इटालियन घोडदळाने त्याची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली.

त्याच सुमारास टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी इंग्लंडच्या रेसकोर्सवर आखूड रिकिबीत, घोड्याच्या मानेवर वाकून बसत होता. लोक आधी त्याला माकड म्हणून हसले आणि मग तो जिंकायला लागल्यावर त्याचीच नक्कल करू लागले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकी जसे बसतात त्याचं मूळ तिकडे आहे, काप्रिलीकडे नाही. ही गल्लत बरेच जण करतात.

आपलं म्हणणं मान्य झालेलं काप्रिलीला जेमतेम काही वर्षं बघायला मिळालं. डिसेंबर १९०७मध्ये तोरिनोला तो एका घोड्यावरून पडला, डोक्याला मार लागला आणि त्यातच गेला. समोर ना भिंत होती, ना कडा. घोडा नुसता चालत होता.

तो गेल्यावर सहकाऱ्यांनी त्याची टिपणं गोळा केली. पिएरो सांतिनी या इटालियन अधिकाऱ्याने पुढे इंग्रजीत पुस्तकं लिहून ही पद्धत बाहेर पोचवली. देशोदेशीचे अधिकारी पिनेरोलो आणि तोर दी क्विंतोला शिकायला येत राहिले. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये उड्यांच्या स्पर्धेचं वैयक्तिक सुवर्ण इटलीच्या तोम्मासो लेक्वियोने नेलं. तोर दी क्विंतोला शिकून गेलेला अमेरिकेचा हॅरी चेंबरलिन १९३२मध्ये लॉस एंजेलिसला रौप्य घेऊन गेला. ज्या घोडदळासाठी काप्रिलीने हा सगळा खटाटोप केला, ते मात्र मशीनगन आणि रणगाड्यांनी निकालात काढलं. घोडे लढाईतून गेले, मांड खेळात राहिली.

२०२१मध्ये, म्हणजे टोकियो ऑलिम्पिकला, आपला फवाद मिर्झा दोन दशकांनंतर घोडेस्वारीत उतरलेला पहिला भारतीय ठरला आणि उड्यांच्या अंतिम फेरीपर्यंत पोचून २३वा आला. त्याचे तेव्हाचे फोटो मोबाइलवर सहज सापडतील. घोडा हवेत आहे तो फोटो निवडा आणि फक्त हात बघा. लगाम सैल आहे आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे गेलेत.