थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (इ.स. १५४९ – इ.स. १६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि गोव्यात कार्य केलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू, तसेच मराठी व कोकणी भाषांतील ग्रंथकार होते. ख्रिस्तपुराण या ओवीबद्ध महाकाव्याचे कर्ते म्हणून ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ओळखले जातात. कोकणी भाषेचे पहिले मुद्रित व्याकरणही त्यांचेच होय. भारतात स्थायिक झालेले ते पहिले इंग्रज समजले जातात.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत कॅथलिक उपासनेवर तेथे बंदी होती व कॅथलिक राहणाऱ्यांना दंड आणि तुरुंगवास भोगावा लागे. या काळात स्टीफन्स हे थॉमस पाउंड या कॅथलिक सरदारपुत्राच्या सहवासात आले. दोघांचाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले आणि पुढे अनेक वर्षे कारावासात राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व इ.स. १५७५ मध्ये संघात दाखल झाले.

दि. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुट यांच्या प्रवाससंग्रहात छापले गेले.

साष्टीतील कार्य

गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यानंतर स्टीफन्स यांनी सुमारे चाळीस वर्षे मुख्यत्वे दक्षिण गोव्यातील साष्टी महालात काम केले. काही काळ ते मडगाव येथील येशूसंघीय विद्यालयाचे प्रमुख होते. हा प्रदेश तेव्हा शांत नव्हता. त्यांच्या आगमनापूर्वी बारा वर्षे, इ.स. १५६७ मध्ये, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. गोव्यात इ.स. १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते आणि जुन्या धर्मग्रंथांच्या पोथ्या बाळगण्यास मनाई होती.

दि. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या रोदोल्फो अक्वाव्हिवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची ग्रामस्थांनी हत्या केली. त्यांचे मृतदेह मिळवून दफनविधी करण्याच्या कामी स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. पोर्तुगीजांनी नंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना आसोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे नमूद केले. भारतीय व युरोपीय भाषांतील साम्याची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक आहे.

ख्रिस्तपुराण

साष्टीतील नवख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पुराणश्रवण करीत आली होती. धर्मांतरानंतर ते श्रवण बंद झाले आणि त्याची जागा घेणारे काही त्यांच्या हाती आले नाही. ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स यांनी हीच अडचण एका ब्राह्मणाच्या मुखी घातली आहे: जुनी पुराणे वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी दुसरी का दिली नाहीत, असा त्याचा प्रश्न आहे. संपूर्ण ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर म्हणून रचला आहे. कथा सांगणारा पाद्री व शंका विचारणारे श्रोते ही योजना पुराणांच्या वक्ता-श्रोता पद्धतीवरूनच घेतलेली आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून बायबलच्या जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरूंत (अध्यायांत) व ४,१८१ ओव्यांत येते. दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ५९ अवस्वरूंत व ६,७८१ ओव्यांत सांगितले आहे. छंद ओवीचा असून भाषा ग्रांथिक मराठी आहे. सामान्यांना समजावे म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले आहेत. परमेश्वर, वैकुंठ, मोक्ष यांसारख्या रूढ शब्दांना कवीने ख्रिस्ती अर्थ दिला आहे. मराठीची थोरवी गाणारा आरंभीचा भाग विशेष प्रसिद्ध असून शालेय व महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून तो अनेकदा घेतला जातो.

ग्रंथाचा हेतू मात्र साहित्यिक नसून धर्मविषयक आहे. एकेश्वरवादाचे प्रतिपादन, मूर्तिपूजेवरील टीका आणि ख्रिस्ती तत्त्वांचे समर्थन त्यात स्पष्टपणे येते. शासनाची सक्ती भोवताली असताना स्टीफन्स यांनी श्रोत्याची शंका मांडू देऊन तिला उत्तर देण्याचा मार्ग पत्करला, हे त्यांचे वेगळेपण अभ्यासकांना जाणवले आहे. त्याच सुमारास मदुराईत रोबेर्तो दे नोबिली हे तमिळ भाषेत अशाच प्रकारचा प्रयत्न करीत होते.

मुद्रण आणि अन्य ग्रंथ

स्टीफन्स यांना हे लेखन देशी लिपीत छापावयाचे होते. इ.स. १६०८ मध्ये त्यांनी येशूसंघाच्या रोममधील प्रमुखांकडे त्यासाठी परवानगी व साहाय्य मागितले; परंतु अक्षरांचे खिळे पाडले गेले नाहीत. परिणामी इ.स. १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे निघालेली पहिली आवृत्ती रोमन लिपीत छापावी लागली. त्यानंतर इ.स. १६४९ व १६५४ मध्ये पुनर्मुद्रणे झाली. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

दौत्रिना क्रिस्तां ही प्रश्नोत्तररूप कोकणी धर्मशिक्षणपुस्तिका इ.स. १६२२ मध्ये, तर आर्ते दा लिंग्वा कानारी हे कोकणीचे व्याकरण इ.स. १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूर येथेच छापले गेले. व्याकरणात दियोगो रिबेरो यांनी भर घातली होती. भारतीय भाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण मानले जाते.

मृत्यू व वारसा

स्टीफन्स यांचे इ.स. १६१९ मध्ये गोव्यात निधन झाले. एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच येशूसंघीयाने पुढे त्यांच्याच वाटेने सेंट पीटरवर मराठी पुराण रचले. राज्यकर्त्यांचे धोरण मात्र उलट दिशेने गेले. दि. २७ जून १६८४ च्या फर्मानाने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याची सक्ती करण्यात आली. तरीही ख्रिस्तपुराण नाहीसे झाले नाही. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी इ.स. १९०७ मध्ये मंगळूर येथे संपादित आवृत्ती काढली. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात आहे. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती इ.स. १९५६ मध्ये निघाली, म्हणजे कर्त्याची मूळ इच्छा मुद्रणात उतरण्यास ३४० वर्षे लागली. त्यानंतर कॅरिदाद द्रागो आणि फादर नेल्सन फलकाव यांनीही या ग्रंथाच्या आवृत्त्या सिद्ध केल्या.

गोव्यातील पर्वरी येथील थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र ही संस्था त्यांच्या नावाने चालते. मराठी व कोकणी या दोन्ही भाषांचे अभ्यासक त्यांना आपले ग्रंथकार म्हणून मान देतात.