हॉपरबाईंची वही

एका घरात एकदा गजराच्या घड्याळांवर मोठे संकट कोसळले. सात वर्षांच्या एका मुलीला घड्याळ गजर कसा करते हे पाहावयाचे होते. तिने एक घड्याळ उघडले. त्याचे भाग बाहेर पडले ते पुन्हा बसेनात. जोडणी समजावी म्हणून तिने दुसरे उघडले, मग तिसरे. आईच्या ध्यानात हा उद्योग येईपर्यंत सात घड्याळे खिळखिळी झाली होती! पुढे आईने तिला एकच घड्याळ खोलण्याची मुभा ठेवली.

९ डिसेंबर १९०६ रोजी जन्मलेली ही मुलगी म्हणजे ग्रेस हॉपर. वासर महाविद्यालयात गणित शिकवीत असतानाच १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा त्यांना नौदलात जावेसे वाटले. परंतु नियमाच्या मानाने त्यांचे वजन कमी भरले. खास परवानगी काढून १९४३ साली त्या दाखल झाल्याच.

नौदलाने त्यांना हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क वन’ या गणकयंत्रावर नेमले. हे यंत्र ५१ फूट लांब होते. त्याला द्यावयाच्या सूचना कागदी फितीवर भोके पाडून लिहीत. अशा सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. एक भोक चुकले, की सारे उत्तर चुके. म्हणून जी आज्ञावली बिनचूक चाले, ती हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी आपापल्या वहीत टिपून ठेवीत. कोणाला कोनाची ‘साइन’ काढावयाची असली (हे गणित तुम्ही वरच्या वर्गात शिकाल), की तो शेजाऱ्याची वही मागे आणि हवा तो भाग उतरवून घेई.

पण उतरवताना चुका होत. घाईने लिहिलेले इंग्रजी ‘बी’ अक्षर कोणी १३ असे वाची. प्रत्येक सूचनेचा क्रमांक नव्या जागेप्रमाणे बेरीज करून बदलावा लागे. तेथे बेरीजच चुके. फळ्यावरचे उदाहरण वहीत घेताना आकडा बदलणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. मोठमोठे गणितीही त्यांच्याच पंक्तीतले, हे वाचून मला थोडे हसू आले!

१९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फियातील एका गणकयंत्राच्या कंपनीत गेल्या. तेथे त्यांनी विचार केला, की नक्कल आणि बेरीज ही माणसाला कंटाळवाणी कामे यंत्रालाच का सांगू नयेत? त्यांनी परीक्षिलेल्या आज्ञावल्यांचा संग्रह केला आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे प्रत्येकीस क्रमांक दिला. आता क्रमांक सांगावा, आणि यंत्राने हवे ते भाग गोळा करून जोडावेत! १९५२ साली त्यांनी ही युक्ती प्रत्यक्षात आणली. तिला ‘कंपायलर’ असे नाव पडले. मात्र लोक विश्वास ठेवीनात. यंत्राने फक्त आकडेमोड करावी, आज्ञावली लिहिणे त्याचे काम नव्हे, असे जाणते लोक म्हणत.

हॉपरबाई थांबल्या नाहीत. हिशेबनिसांना चिन्हांची भीती वाटते, तर त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत यंत्राला आज्ञा का देऊ नयेत? आपली योजना पटविण्यासाठी त्यांनी तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. तेव्हा कंपनीचे अधिकारी अधिकच घाबरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी समजेल, हे त्यांना उमगेना! यंत्राला सर्व भाषा सारख्याच परक्या, हे समजावण्यात त्यांचे बरेच दिवस गेले. त्यांची ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा पुढे तयार झाली, आणि १९५९ साली आखणी सुरू झालेल्या ‘कोबॉल’ भाषेने तिच्यातून पुष्कळ घेतले. बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब कोबॉलवर दशकानुदशके चालत आले आहेत.

१९६६ साली त्या नौदलातून निवृत्त झाल्या. पण निरनिराळ्या यंत्रांवरील कोबॉलचा गोंधळ निस्तरण्यासाठी पुढच्याच वर्षी त्यांना सहा महिन्यांकरिता परत बोलावले. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले! त्यांच्या कचेरीत उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ होते, आणि ते वेळ अचूक दाखवी. व्याख्यानास आलेल्यांना त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची तार देत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर एवढेच अंतर जाते, हे तरुणांना डोळ्यांनी दिसावे म्हणून. १९८६ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचे नाव दिले आहे.