रेव्ह. नारायण शेषाद्री : घर सुटले, गाव वसले

टेंभुर्णीच्या मंडळीतील पुष्कळजण कामाकाजानिमित्त जालन्यास जातात. परंतु त्या शहराजवळचे बेथेल हे गाव कोणाच्या श्रमाने वसले, हे थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगतो.

नारायणरावांचा जन्म निजामाच्या राज्यात ब्राह्मण कुळात झाला. विद्येसाठी ते मुंबईस गेले व स्कॉच मिशनच्या शाळेत शिकले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचे, हाही मिशनरींच्या घरी राहू लागला. तेव्हा पित्याने फिर्याद केली व मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा पित्याच्या स्वाधीन केला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, ह्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याला घ्यावे ह्या बाजूचे होते. धाकट्यासाठी निदान वाद तरी झाला. थोरल्यास मात्र घरच्या पंगतीत जागा उरली नाही.

वाचकहो, सोयरीक तुटणे, पाणवठा बंद होणे, आईने दार लावून घेणे, हे काय असते ते आपणांपैकी कित्येकांस सांगावे लागत नाही. अशा घावाने मन कडू होते, किंवा ते इतरांच्या घावांकडे वळते. नारायणरावांचे वळले.

१८५४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मान व सोय पाहिली असती तर ते मुंबईतच राहते. पुढील दशकात ते जालन्यास आले व विशेषेकरून मांग बांधवांत काम करू लागले. ज्याची पंगत गेली, तो ज्यांस कधी पंगतच मिळाली नव्हती, त्यांच्याशेजारी जाऊन बसला. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसविले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या कुटुंबांस तेथे स्वतःचे गाव लाभले. १८७३ साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेस ते गेले, आणि मराठवाड्यातील ह्या कामाचे वर्तमान दूरदेशीच्या मंडळ्यांनी ऐकले. १८९१ साली समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला.

दुःख ही काही चांगली वस्तू आहे असे आम्ही म्हणत नाही. योसेफास भावांनी विकले ते वाईटच होते. तरी त्याच वाटेने दुष्काळात पुष्कळांस अन्न मिळाले. नारायणरावांचे घर गेले ती हानी खरीच. पण ती दुसऱ्यांच्या उपयोगी पडली, आणि ख्रिस्ती मनुष्याचा आनंद येथेच आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, ज्याला घरच्यांनी टाकले असेल त्याला केवळ धीर धरावयास सांगून परतू नका. त्याच्या ओसरीवर बसा, त्याची भाकर खा, आणि पुढे त्यालाच सोबत घेऊन दुसऱ्या एखाद्या दुःखिताच्या दारी जा.