सिको मान्सहोल्ट : भूक, विपुलता आणि पुनर्विचार



धोरणकर्त्याचे चरित्र वाचताना आपण सहसा त्याचे यश मोजतो. या पाठात तुम्हांला अशा एका व्यक्तीचा परिचय करून घ्यायचा आहे, जिचे यशच पुढे तिच्यासमोरचा सर्वांत अवघड प्रश्न ठरले. युरोपच्या सामाईक कृषिधोरणाचे शिल्पकार म्हणून ओळखले जाणारे सिको मान्सहोल्ट ही ती व्यक्ती होय.

मान्सहोल्ट यांचा जन्म १३ सप्टेंबर १९०८ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतात, उल्रुम या गावी झाला. घराणे शेतकऱ्यांचे, विचार समाजवादी. डेव्हेंटर येथे उष्णकटिबंधीय शेतीचे शिक्षण घेऊन ते त्या काळच्या डच वसाहतीत, जावा बेटावरील चहाच्या मळ्यात नोकरीस गेले. तेथील वसाहतवादी व्यवस्था त्यांना पटली नाही आणि १९३६ मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी, समुद्राचे पाणी उपसून नव्याने लागवडीखाली आणलेल्या वीरिंगरमीर या भागात त्यांना कसण्यासाठी जमीन मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने देश व्यापल्यावर मान्सहोल्ट भूमिगत प्रतिकार चळवळीत सामील झाले. माणसांना आश्रय देणे आणि अन्न गुप्तपणे पोहोचविणे ही कामे त्यांनी केली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात देशाच्या पश्चिम भागात सुमारे २०,००० माणसे अन्नावाचून दगावली. एप्रिल १९४५ मध्ये जर्मन सैन्याने बांध फोडून वीरिंगरमीर पाण्याखाली बुडविले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, वयाच्या ३६ व्या वर्षी, मान्सहोल्ट कृषी, मत्स्यव्यवसाय व अन्नपुरवठा मंत्री झाले. त्यांची पुढील सारी धोरणे समजून घेताना हा हिवाळा तुम्ही नजरेआड होऊ देऊ नका. युरोपात पुन्हा कोणी उपाशी राहू नये, हा त्या धोरणांचा मूळ हेतू होता.

बारा वर्षांहून अधिक काळ मंत्रिपद सांभाळून १९५८ मध्ये ते नव्या युरोपीय आयोगाचे उपाध्यक्ष झाले. शेतीचे खाते त्यांच्याकडे आले. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांचे कृषिधोरण त्यांना एका सूत्रात गुंफायचे होते. त्याच वर्षी इटलीतील स्ट्रेसा येथील परिषदेत त्याची दिशा ठरली आणि १९६२ पासून सामाईक धोरण अमलात येऊ लागले. हमीभाव हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. येथेही तत्त्व तेच होते. भाव ठरावीक पातळीखाली घसरला की सरकारी यंत्रणेने माल खरेदी करायचा, बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालावर कर बसवायचा आणि खर्च सामाईक निधीतून भागवायचा.

धोरण सफल झाले. इतके की काही वर्षांतच शीतगृहांत लोण्याचे साठे मावेनासे झाले. मान्सहोल्ट यांना आणखी एक गोष्ट दिसली. हमीभावाचा लाभ विकलेल्या मालाच्या प्रमाणात मिळतो. ज्याच्याकडे विकण्यास अधिक, त्याच्या पदरी अधिक पडते. चार-पाच गायींच्या धन्याचे दारिद्र्य मात्र हटत नाही. म्हणून डिसेंबर १९६८ मध्ये त्यांनी नवी योजना मांडली. पुढील दशकात सुमारे ५० लाख लोकांनी शेती सोडावी, तितकेच हेक्टर क्षेत्र लागवडीतून काढावे आणि उरलेल्यांची शेते मोठी व किफायतशीर व्हावीत, असा तिचा आशय होता. शेती सोडणाऱ्यांसाठी निवृत्तिवेतन आणि प्रशिक्षणाची तरतूदही तीत होती.

कागदावर हा आकडा होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो त्याचा वाडवडिलांपासूनचा जीवनक्रम होता. मार्च १९७१ मध्ये हजारो शेतकरी ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर उतरले. संघर्षात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. स्वतः शेतकरी असलेला हा माणूस अनेकांच्या लेखी शेतकऱ्यांचा वैरी ठरला. अखेरीस १९७२ मध्ये योजनेचा सौम्य अंशच स्वीकारला गेला.

त्याच वर्षी मान्सहोल्ट यांच्या विचारांना वेगळे वळण लागले. वाढीच्या मर्यादांविषयी क्लब ऑफ रोमसाठी तयार झालेल्या अहवालाने ते हादरले. अमर्याद उत्पादनवाढीवर आधारलेली अर्थव्यवस्था टिकणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी आयोगाच्या अध्यक्षांना लिहिले. मार्च १९७२ ते जानेवारी १९७३ या काळात ते स्वतः अध्यक्ष होते. पुढील आयुष्यात त्यांनी पर्यावरणाची बाजू मांडली आणि ज्या शेतीला आपणच चालना दिली, तिच्या मातीवरील व निसर्गावरील परिणामांची चिकित्सा केली. १९९२ मध्ये युरोपने हमीभाव कमी करून शेतकऱ्यांना थेट साहाय्य देण्याचा मार्ग धरला. तो बदल पाहून, १९९५ मध्ये मान्सहोल्ट यांचे निधन झाले.

त्यांची १९६८ ची योजना न्याय्य होती का, याचे एकच उत्तर नाही. लहान शेतकऱ्याचे दारिद्र्य त्यांनी अचूक ओळखले, परंतु त्यावरचा उपाय त्या शेतकऱ्यालाच शेताबाहेर काढणारा होता. चरित्रनायकाचा गौरव किंवा निषेध करण्यापूर्वी या दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहणे, हे चरित्राच्या वाचकाचे काम आहे.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील शेती सोडलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. त्या निर्णयात त्यांनी काय मिळविले व काय गमावले, हे दीडशे शब्दांत लिहा आणि त्या आधारे मान्सहोल्ट यांच्या योजनेविषयी तुमचे मत मांडा.