समुद्रफुलांचा नामकर्ता : फिलिप हेन्री गॉस

खाऱ्या पाण्याचे नवे अॅक्वेरियम मांडून त्यात समुद्रातला खडक ठेवला, की काही आठवड्यांतच एक नवल घडू लागते. वरकरणी उघडाबोडका दिसणाऱ्या त्या दगडावर आधी तपकिरी थर चढतो. मग हिरव्या शेवाळाची लव उगवते. एखाद्या फटीतून नळीत राहणाऱ्या कृमीचा पिसासारखा तुरा डोकावतो आणि एके दिवशी तेथे पारदर्शक, तपकिरी छटेची चिमुकली फुले उमललेली दिसतात. कोणीही न लावलेली ही फुले म्हणजे वनस्पती नव्हेत, तर दंश करणारे प्राणी. ‘एप्टेशिया’ या नावाने ती जगभरातल्या हौशी लोकांची डोकेदुखी ठरली आहेत. तळाशी राहिलेल्या इवल्याशा तुकड्यातूनही ती पुन्हा वाढतात, त्यामुळे खरवडून काढणाऱ्याच्या पदरी बहुधा अधिकच फुले पडतात. एप्टेशिया हे प्रजातीनाम १८५८ मध्ये दिले ते फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आणि घरोघरी समुद्र नेऊन ठेवण्याची हौस इंग्लंडला लावणाराही तोच.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार. घरची परिस्थिती ओढगस्तीची. बालपण गेले ते डॉर्सेटमधील पूल या बंदरात. समुद्रफुले समुद्राच्या पाण्यात ठेवून निरखता येतात, हा धडा लहानग्या फिलिपला त्याच्या आत्याकडून मिळाला. १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पोटासाठी तो न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर येथे एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. तेथेच १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक हाती आले आणि कीटकांचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती करून पाहिली, ती फसली. अलाबामात शाळामास्तरकी केली, पण तेथील गुलामगिरी पाहून मन विटले. १८३९ मध्ये मायदेशी परतलेल्या गॉस यांच्याजवळ पैसा नव्हता. होती ती तीक्ष्ण नजर, वडिलांकडून आलेले चित्रकलेचे अंग आणि टिपणांनी भरलेल्या वह्या.

या शिदोरीवरच त्यांनी लेखणीचा संसार मांडला. १८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून त्यांनी तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये एमिली बोज यांच्याशी विवाह झाला. १८४९ च्या सप्टेंबरमध्ये पुत्र एडमंड जन्मला, त्या दिवशी गॉस यांनी रोजनिशीत मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या एका पक्ष्याच्या नमुन्याची नोंद एकाच दमात केली. निसर्ग आणि संसार यांत ते किती कमी अंतर ठेवत, याचा हा नमुनाच.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यावर १८५२ मध्ये ते डेव्हनच्या किनाऱ्यावर आले. ओहोटीनंतर खडकांच्या खळग्यांत उरणाऱ्या डबक्यांनी त्यांना वेड लावले. छिन्नी-हातोड्याने खडकाची कपची काढायची आणि तिच्यावरचे शेवाळ, स्पंज, समुद्रफुले मुळीच न दुखवता पाण्याच्या बरणीत घरी आणायची, असा क्रम सुरू झाला. वनस्पती प्राणवायू सोडतात, प्राणी तो वापरतात आणि दोहोंचे प्रमाण जमले तर पाणी शुद्ध राहते, हे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यात दाखवले होते. अॅना थिन या विदुषीने तर त्याआधीच लंडनमधील घरात प्रवाळ जिवंत ठेवले होते. गॉस यांनी हा विषय प्रत्यक्ष प्रयोगांनी आणि सोप्या लेखनाने सामान्य वाचकापर्यंत नेला. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह खुले झाले. तेथील अनेक जीव गॉस यांनीच किनाऱ्यावरून धाडले होते. १८५४ मध्ये त्यांचे ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि हा शब्द सर्वतोमुखी झाला. मराठीत आपण मत्स्यालय म्हणतो खरे, पण गॉस यांच्या काचपेटीत मान माशांचा नव्हता. तो होता खडकाचा आणि खडकावरच्या वाढीचा.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्नही त्यांनी त्याच वर्षी सोडवला. समुद्रजलाचे रासायनिक पृथक्करण समोर ठेवून त्यांनी साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार पाण्यात मिसळले. त्यात प्रथम शेवाळ लावलेले दगड ठेवले आणि पाणी मुरल्यावर प्राणी सोडले. ते जगले. आज बाजारात मिळणाऱ्या समुद्री मिठाच्या पुड्यांची ही आद्य कृती. आधी दगड, मग प्रतीक्षा आणि शेवटी प्राणी, हा क्रमही आजवर बदललेला नाही.

काचेवर चढणाऱ्या हिरव्या थराला गॉस शत्रू मानत नसत. तो आटोक्यात ठेवण्यासाठी ते समुद्री गोगलगाई सोडत आणि भिंगातून त्यांची जीभ पाहत बसत. विळ्याने गवत कापावे तशी ती शेवाळ कापत जाते, हे त्यांनी मोठ्या बारकाईने टिपले. पण खडकावर आपोआप उगवलेला जीव नेमका कोणता, हे सामान्य माणसाने ओळखावे कसे? यासाठी त्यांनी १८५५-५६ मध्ये ब्रिटिश किनाऱ्यावरील सागरी प्राण्यांची दोन भागांची सचित्र मार्गदर्शिका काढली. १८५८ ते १८६० या काळात समुद्रफुलांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ, ‘अॅक्टिनॉलॉजिया ब्रिटॅनिका’, प्रसिद्ध झाला. त्यातील रंगीत चित्रे त्यांच्याच हातची. वडिलांचे बोट धरून डबक्यांत उतरणाऱ्या एडमंडलाही १८५९ मध्ये एक नवे समुद्रफूल सापडले आणि ग्रंथात त्याचे श्रेय मिळाले.

या कीर्तीच्या काळातच घरावर आघात झाला. १८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी एमिलींना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. वेदनादायी उपचारांनंतर फेब्रुवारी १८५७ मध्ये त्यांचे निधन झाले. गॉस कट्टर धर्मनिष्ठ. प्लिमथ ब्रदरेन पंथाचे ते उपदेशक होते. बायबलमधील सृष्टीची कथा आणि भूगर्भशास्त्राचे पुरावे यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी ‘ओम्फॅलॉस’ हे पुस्तक लिहिले. ईश्वराने पृथ्वी निर्माण केली तीच प्राचीनतेच्या खुणांसह, जीवाश्मांसह, असा त्यांचा सिद्धांत होता. तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना धार्मिकांना. समुद्रफुलाच्या एकेका शुंडकाबाबत पुराव्यावाचून शब्द न लिहिणाऱ्या या माणसाने सृष्टीच्या वयाबाबत पुराव्याचा अर्थच नाकारला, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विरोधाभास. डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण उत्क्रांती त्यांनी स्वीकारली नाही.

दुसरे दुःख किनाऱ्यावरचे. त्यांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेली माणसे रेल्वेने किनारे गाठू लागली. कर उठल्याने काच स्वस्त झाली होती. बैठकीच्या खोल्यांत काचपेट्या सजल्या आणि डबकी ओस पडली. बहुतेकांच्या पेट्यांतले जीव मेले. काही वर्षांत हौसही ओसरली, पण तोवर ओरबाडलेले किनारे पूर्वीसारखे राहिले नव्हते. एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात या विध्वंसाची आणि त्याबद्दल वडिलांना वाटलेल्या खंतीची नोंद आहे. जिवांवर प्रेम करायला शिकवणाऱ्याच्या हातून नकळत त्यांचाच घात झाला.

१८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. काचपेट्यांत हटकून उगवणारी उष्ण समुद्रातील जात संशोधकांनी २०१४ मध्ये ‘एक्सेप्टेशिया’ या वेगळ्या प्रजातीत घातली. तरी हौशी मंडळींच्या तोंडी गॉस यांनी दिलेलेच नाव आहे. नव्या पेटीत न बोलावलेला पाहुणा दिसताच आज बहुतेकांचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. गॉस आधी भिंग घेत, चित्र काढत, ओळख पटवत आणि मगच काय करायचे ते ठरवत. दीड शतकानंतरही खडकावरच्या अनोळखी वाढीशी वागण्याची याहून शहाणी रीत सापडलेली नाही.