बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा शाहीर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा विषय निघाला की आम्हा सीमावासीयांच्या तोंडी अत्रे, डांगे, एस. एम. जोशी ही नावे चटकन येतात. सभेला माणसे जमवणाऱ्या शाहिरांची नावे मागून येतात. त्यांतले अमर शेख हे मुसलमान घरातले, असे सांगितले की आमच्या वर्गातली मुले चकित होतात. मराठी अमुक एका धर्माचीच, हा समज आमच्या खेड्यांतही हळूहळू घर करतो आहे. घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलणारी मुले आमच्याच बाकांवर बसतात, हे आपण विसरतो. म्हणून भाषा विशेषांकात आम्ही मुद्दाम या शाहिराचे चरित्र सांगायचे ठरवले.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरी गरिबी. आई मुनेरबी यांच्या तोंडी ओव्या आणि लोकगीते होती. मराठीचे पहिले शिक्षण मेहबूबला तिथेच मिळाले, आणि आमच्या मते तेच शेवटपर्यंत पुरले. पुढे त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली, संपात पुढाकार घेतला आणि विसापूरच्या तुरुंगात गेले. तिथल्या सहवासात ते कम्युनिस्ट झाले. सुटल्यावर कोल्हापूर गाठून मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम धरले. अमर शेख हे नाव तिथलेच.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. कलापथक चालवणे म्हणजे नुसते गाणे नव्हे. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि झीलकरी जमवायचे, त्यांच्या जेवणाची आणि प्रवासाची सोय बघायची, पुढारी येईपर्यंत मैदान धरून ठेवायचे, कार्यक्रम संपला की झोळी फिरवायची. गॅदरिंगसाठी दहा पोरे सांभाळताना आमची तारांबळ उडते. यांनी तर पथक घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा याच मंडळींनी तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले आणि खेळ चालू ठेवला.

१९५६ नंतर त्यांचा पहाडी आवाज संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठांवर घुमला. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह महाराष्ट्र, ही त्या लढ्याची मागणी होती. गोवामुक्तीसाठीही ते गायले. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा निधी गोळा करत फिरले.

पडद्यावरही ते दिसले. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात त्यांनी काम केले, आणि १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये कर्जाने पिचलेला कुंभार उभा केला. ‘पहिला बळी’ हे नाटक आणि ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह त्यांच्या नावावर आहेत. तरी त्यांची ओळख शाहीर हीच राहिली, आणि ते योग्यच झाले.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आम्ही बाहेर राहिलो. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ च्या अहवालात त्याने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. वय अवघे ५२.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री. मुनेरबींच्या ओवीपासून नातीच्या कवितेपर्यंत एका घरातल्या तीन पिढ्या झाल्या. आमच्या गावोगावच्या वाचनालयांनी ‘कलश’ मिळवून ठेवावा, आणि यंदाच्या गॅदरिंगला पोवाडा बसवताना डफ मागच्या बाकावरच्या मेहबूबच्या हाती द्यावा, असे आम्ही शिक्षक बांधवांना सुचवतो.